टॉवेल डझनात होते की नगात?

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी १९९६ साली ओळखीच्या एका मुलाकडून फॉक्सप्रोत बिलांचा आणि स्टॉकचा प्रोग्रॅम लिहून घेतला होता. तो आजवर चालला. आता जुना कॉम्प्युटर थकला आहे, नव्यावर तो प्रोग्रॅम सुरूच होत नाही, म्हणून आम्ही टॅली घेतलं. दोन्हीकडे गिऱ्हाईक, माल, भाव, रक्कम हेच असतं. मग एकातली माहिती दुसऱ्याला आपोआप का कळत नाही?
– एक उद्योजक, सोलापूर

उत्तर : प्रोग्रॅम चालत नाही म्हणजे माहिती गेली, असं समजू नका. डॉससाठी लिहिलेले प्रोग्रॅम आजचं ६४ बिटी विंडोज चालवत नाही, एवढंच झालं आहे. तुमची खाती त्या प्रोग्रॅमच्या पोटात नाहीत, त्याच फोल्डरमधल्या डीबीएफ फायलींत आहेत. त्या वाचायला फॉक्सप्रो लागत नाही. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्येसुद्धा डीबीएफ फाइल सरळ उघडते.

ही फाइल फॉक्सप्रोपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तोच पुढं ॲश्टन-टेट कंपनीनं ‘डीबेस टू’ या नावानं बाजारात आणला. ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरनं डीबेसच्याच फायली जास्त वेगानं हाताळणारा प्रोग्रॅम काढला आणि १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली, ती शेवटची. जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही संपला. प्रोग्रॅमचं आयुष्य संपलं, तरी त्याच्या फायली आजही बिनतक्रार वाचता येतात.

कारण त्यांची रचना अगदी उघडी आहे. सुरुवातीला ३२ बाइटांचा मथळा असतो. नोंदी किती आणि एक नोंद किती लांब, हे त्यात असतं. त्यानंतर प्रत्येक रकान्यासाठी आणखी ३२ बाइट असतात, त्यांत रकान्याचं नाव, प्रकार आणि लांबी. मग सगळ्या नोंदी, एकीला लागून दुसरी, सारख्याच लांबीच्या. रक्कम साध्या अंकांत लिहिलेली असते आणि तारीख आठ अंकांत : वर्ष, महिना, दिवस या क्रमानं. लपवाछपवी काही नाही. छोट्या धंद्यांच्या हाती आलेल्या फायलींमध्ये इतकी प्रामाणिक दुसरी मला तरी माहीत नाही.

मग अडतं कुठं? रकान्याच्या नावाला त्या फायलीत जास्तीत जास्त दहा अक्षरांची जागा आहे. त्यामुळं तुमच्या फायलीत ‘क्यूटीवाय’, ‘एएमटी१’, ‘एएमटी२’, ‘पीटीसीडी’ असली नावं सापडतील. ‘एएमटी२’ म्हणजे काय? सूट वजा केलेली रक्कम, की हमाली-वाहतूक धरून झालेली? फायलीला ते ठाऊक नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला ठाऊक होतं, तुमच्या वडिलांना ठाऊक आहे आणि रोज बिलं करणाऱ्या दिवाणजींना तर अंगवळणीच पडलं आहे. एका डेटाबेसातून दुसऱ्यात आकडे सहज जातात. त्या आकड्यांचा अर्थ माणसांच्या डोक्यात असतो आणि तो तिथंच राहतो. म्हणून कॉम्प्युटरला हात लावण्याआधी वडिलांना आणि दिवाणजींना समोर बसवा. वहीत प्रत्येक फायलीचं एक पान करा, प्रत्येक रकान्यासमोर त्याचा अर्थ लिहा. ही वही तुम्हाला दुसरं कोणी करून देऊ शकत नाही, आणि सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची आहे.

तुमच्या धंद्यातलंच उदाहरण घेऊ. टॉवेल डझनानं विकला जातो. जुन्या फायलीत संख्या १२ आणि भाव ९०० असेल, तर ते बारा डझन आणि डझनाचा भाव ९०० रुपये. पण ‘डझन’ हा शब्द फायलीत बहुधा कुठंच नसेल, कारण तुमच्या प्रोग्रॅमला दुसरं एकक माहीतच नव्हतं. बिल छापताना ‘डझन’ हा शब्द प्रोग्रॅम स्वतःच्या पदरचा घालायचा. आता नव्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही मालाचं एकक ‘नग’ ठेवलंत आणि या नोंदी आत घेतल्यात, तर बारा डझनांचे बारा नग होतील. रक्कम मात्र १०,८०० च राहील, कारण संख्या गुणिले भाव दोन्हीकडे तेवढंच येतं. खातं जुळेल, येणं जुळेल, विक्रीची बेरीजही जुळेल. स्टॉक मात्र बारापटीनं चुकलेला असेल, आणि वर्षअखेरीला गोदामात माल मोजेपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. त्यात काही गिऱ्हाइकांना तुम्ही किलोवर माल देत असाल, तर त्याच रकान्यात कुठं डझन, कुठं किलो असं मिसळलेलं सापडेल. ते मालाच्या कोडवरून वेगळं करावं लागेल.

जीएसटीच्या विवरणपत्रात एककांचे संकेत ठरलेले आहेत : डझनाला डीओझेड, नगाला एनओएस, किलोला केजीएस, गाठीला बीएएल. टॅलीत एक डझन म्हणजे बारा नग असं जोडएककही मांडता येतं. हे सगळं माहिती आत घेण्याआधी ठरवायचं. नंतर बदलायला गेलात तर हजारो नोंदी हातानं दुरुस्त कराव्या लागतील.

दुसरी अडचण गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची आहे. सोलापूरचा टॉवेल आणि चादर पूर्वीपासून हैदराबादला जाते. तुमच्या जुन्या फायलीत त्या गिऱ्हाइकांपुढं राज्य ‘आंध्र’ असणार. २ जून २०१४ पासून हैदराबाद तेलंगणात आहे. जीएसटीत तेलंगणाचा क्रमांक ३६ आणि आंध्र प्रदेशाचा ३७. जुनी फाइल तिच्या काळात बरोबर होती, पण आज तशीच उचलली तर चूक ठरेल. विजयवाड्याचं गिऱ्हाईक आंध्रातच ठेवायचं आणि हैदराबाद, वरंगळ, करीमनगरचं तेलंगणात न्यायचं. हे गावाच्या रकान्यावरूनच करता येईल.

शिवाय नावं. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या भाषा बाजारात चालतात आणि बिल करणारा जसं ऐकतो तसं लिहितो. ‘वेंकटेश’, ‘व्यंकटेश’ आणि ‘वेंकटेश्वर’ ही तीन खाती एकाच दुकानाची असू शकतात, किंवा खरोखरच तीन वेगळ्या दुकानांची. नावावरून एकत्र करू नका. १ जुलै २०१७ नंतर व्यवहार झालेल्या नोंदणीकृत गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक असतो. त्याच्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची आणि पुढची दहा पॅन क्रमांकाची. तोच ओळखीचा आधार धरा. राज्याचा क्रमांक वेगळा आणि पॅन तोच असेल, तर मालक एकच आणि नोंदणी दोन राज्यांत, असं समजा. तीही दोन वेगळी खातीच ठेवायची.

तारखांचं दुखणं तुम्हाला एक्सेलमधून जाताना भेटेल. डीबीएफमध्ये तारीख नि:संदिग्ध असते, पण मधे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल, केली की ती ०५/०३/२००४ अशी लिहिली जाते. ती ५ मार्च की ३ मे, हे वाचणारा कॉम्प्युटर आपल्या सेटिंगप्रमाणं ठरवतो. सेटिंग उलटं असेल तर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा गुपचूप उलटतात. तेराव्या दिवसापासून पुढच्या मात्र महिना म्हणून बसतच नाहीत, म्हणून त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. एक्सेलमध्ये काही तारखा रकान्याच्या उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला दिसल्या तर नेमकं हेच झालेलं असतं. डावीकडच्या दुरुस्त करून थांबू नका, उजवीकडच्याच खऱ्या चुकलेल्या आहेत.

एक्सेलला सीएसव्ही डबल क्लिक करून उघडायला देऊ नका, याचं आणखी एक कारण आहे. ‘००४५’ हा खातेकोड त्याला ४५ हा आकडा वाटतो आणि पुढची शून्यं जातात. सोलापूरचा ०२१७ हा फोनचा कोड २१७ होतो. पंधरापेक्षा जास्त अंकांचा बँक खाते क्रमांक असेल, तर पंधराव्यानंतरचे अंक एक्सेल शून्य करून टाकतं आणि ते परत येत नाहीत. ‘डेटा’ मेनूतून मजकुराची फाइल आत घ्या आणि असे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवा.

टॅलीत माहिती एक्सएमएलमधून आत जाते, अलीकडच्या आवृत्तींत एक्सेलमधूनही. एक्सएमएलचा मार्ग धरलात तर नावे-जमेचं चिन्ह सांभाळा : टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे पडणारी रक्कम उणे चिन्हानं येते. जुन्या प्रोग्रॅममध्ये बहुधा उलटं असेल, किंवा चिन्ह नसेलच आणि वेगळ्या रकान्यात नुसतं ‘डी’ किंवा ‘सी’ अक्षर असेल. क्रमही पाळायला हवा. आधी एककं, मग माल आणि खाती, शेवटी व्हाउचर. ज्या खात्याचं नाव अजून आत आलेलं नाही, त्याचं बिल आत घेता येत नाही.

माझा सल्ला विचाराल तर तीस वर्षांची बिलं टॅलीत ओतूच नका. १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक, प्रत्येक गिऱ्हाइकाचं बिलनिहाय येणं आणि गोदामातला मोजलेला माल एवढंच आत न्या. जुनी बिलं सीएसव्हीत किंवा एसक्यूलाइट या एकाच फायलीत मावणाऱ्या डेटाबेसात काढून, दोन वेगळ्या ठिकाणी, वाचता येतील अशी जपून ठेवा. जीएसटी कायद्याप्रमाणं हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. तुमचा स्वतःचा उपयोग त्याहून मोठा आहे. कोणत्या गिऱ्हाइकानं वीस वर्षांपूर्वी कोणत्या डिझाइनचा किती माल नेला, हे त्या बिलांशिवाय कुठून कळणार?

काम सुरू करताना पूर्ण फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे उतरवा. नुसत्या डीबीएफ उचलू नका. लांबलचक शेरे असलेला ‘मेमो’ रकाना असेल, तर त्याचा मजकूर शेजारच्या एफपीटी किंवा डीबीटी फायलीत असतो, आणि फॉक्सप्रोतून स्वल्पविरामांची फाइल काढली तर तो मजकूर मागेच राहतो. रद्द केलेली बिलंही पाहा. फॉक्सप्रो नोंद लगेच पुसत नाही, तिच्या आधी एक चांदणी मारून ठेवतो. ती खूण काही प्रोग्रॅम मानतात, काही मानत नाहीत. तेव्हा रद्द झालेली बिलं नव्या जागी जिवंत होऊन बसू शकतात.

आणि ताळा. जुन्या पेढीवरचा दिवाणजी तेरीज जुळल्याशिवाय घरी जात नसे, तीच शिस्त इथं लागते. निघताना आणि पोचल्यावर, दोन्हीकडे मोजा : वर्षवार बिलांची संख्या, वर्षवार रकमेची बेरीज, गिऱ्हाइकांच्या शिलकांची बेरीज, मालवार नग. शिवाय बिल क्रमांकांचीही बेरीज करा. त्या बेरजेला व्यवहारात अर्थ नाही, पण एखादं बिल गळून दुसरं दोनदा आलं असेल तर संख्या जुळते आणि ही बेरीज मात्र पकडून देते. मग कोणतीही वीस बिलं काढा आणि छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहा.

हे जास्तीचं वाटत असेल तर इंग्लंडमध्ये घडलेलं ऐका. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस प्रयोगशाळांकडून येणारे करोना चाचण्यांचे निकाल साध्या सीएसव्ही फायलींत येत होते. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत ओढले जात. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. मर्यादेपलीकडच्या ओळी पुढं गेल्याच नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित लोक रोजच्या आकड्यांतून सुटले, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांना सावध करायला उशीर झाला. निघालेल्या आणि पोचलेल्या ओळींची संख्या शेजारी शेजारी लिहिली असती, तर ती तूट पहिल्याच दिवशी दिसली असती.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात काही वर्षांपूर्वी हजारो पुस्तकांची नोंद एका जुन्या प्रोग्रॅममध्ये केली होती. नव्या प्रणालीत घेण्यासाठी फाइल काढली, तर पुस्तकांची मराठी नावं वाचता न येणाऱ्या रोमन अक्षरांत आली. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?
– एक ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा

उत्तर : बहुतेक लागणार नाही. पण आधी बिघाड कोणता ते ओळखा, कारण दिसायला सारखे असले तरी ते तीन वेगळे प्रकार आहेत.

जिथं मराठी अक्षर होतं तिथं नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर ती फाइल गेली. मधल्या कोणत्या तरी प्रोग्रॅमला देवनागरी लिहिता आली नाही आणि त्यानं प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह टाकलं. त्या फायलीतून काही परत येणार नाही. मूळ फाइल पुन्हा उघडून नव्यानं काढा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा, साधारण दर दोन चिन्हांनंतर, दिसत असेल तर आनंदाची बातमी आहे. मजकूर युनिकोडमध्ये सुखरूप आहे. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटांत साठवतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं ते तीन बाइट तीन वेगळी रोमन चिन्हं समजून दाखवले, एवढंच. फाइल आत घेताना यूटीएफ-८ निवडा, सगळं मराठीत दिसेल.

तिसरा प्रकार तुमचा असावा असं वाटतं. रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं अशी सरमिसळ. हा जुन्या फॉन्टांचा काळ. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएममधले योगेश आणि सुरेख हे फॉन्ट आपल्याकडे छापखान्यांत, कचेऱ्यांत सगळीकडे होते. यांतल्या बहुतेकांत फायलीत प्रत्यक्ष रोमन चिन्हांचे क्रमांक साठत आणि त्यांच्या जागी फॉन्ट मराठी आकार काढून दाखवी. फॉन्ट बदलला की मराठी गायब. भारतीय मानक ब्युरोचं इस्की हे प्रमाणक १९९१ चं. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या आधीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. म्हणजे प्रमाण पद्धत तेव्हाच हाताशी होती. फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकानं मात्र आपापली वेगळी मांडणी वापरली, आणि त्याचा भुर्दंड आज ग्रंथालयांना बसतो आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्या वर्षांत किती तरी छोट्या ग्रंथालयांनी पदरमोड करून या नोंदी करून घेतल्या.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांना नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल करून चालत नाही. ‘आर्थिक’ घ्या. जुन्या फॉन्टात ते जसं दिसतं तसं साठतं : आधी ‘आ’, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘थ’, मग रफार, मग ‘क’. युनिकोडमध्ये ते जसं उच्चारतो तसं साठतं : ‘आ’, ‘र’, हलन्त, ‘थ’, वेलांटी, ‘क’. म्हणजे वेलांटी एक घर पुढं न्यायची आणि रफार उचलून ‘थ’च्या आधी ‘र’ म्हणून बसवायचा. वेलांटी जोडाक्षरावर असेल तर ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. स्वस्तातले प्रोग्रॅम इथंच घसरतात. हिंदीसाठी बनवलेले असतील तर ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांचे’ यांतला ‘ऱ्य’ हमखास बिघडतो, कारण हिंदीला त्याची गरजच नाही.

म्हणून शंभरेक शीर्षकांची चाचणी फाइल करा आणि तिच्यात मुद्दाम अवघड शब्द घ्या : आर्थिक, दुसऱ्या, कृष्ण, ज्ञान, स्त्रियांचे, ॲकॅडमी. शेवटच्या शब्दाकडं नीट बघा. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी आणि काही कीबोर्डांवर आजही ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. सगळीकडे एकच रूप ठेवा, नाहीतर वाचक शोधेल आणि पुस्तक कपाटात असून सापडणार नाही.

एक धोका खास ग्रंथालयांचा आहे. शीर्षकाच्या एकाच रकान्यात मराठी पुस्तकंही आहेत आणि इंग्रजीही. फायलीत दोन्ही रोमन चिन्हंच असतात, कोणत्या नोंदीला कोणता फॉन्ट हे फायलीला माहीत नसतं. सरसकट रूपांतर केलंत तर इंग्रजी पुस्तकांची नावं देवनागरी कचरा होऊन बाहेर पडतील. तुमच्या नोंदवहीत भाषेचा रकाना असेलच. त्यावरून आधी फायली वेगळ्या करा आणि फक्त मराठी, हिंदी तेवढ्या रूपांतरित करा.

दाखल क्रमांकाला मात्र हात लावू नका. नवी प्रणाली स्वतःचा क्रमांक देऊ करील, तिला तो वेगळ्या रकान्यात देऊ द्या. पुस्तकाच्या पाठीवर, दाखल नोंदवहीत आणि वाचकाच्या कार्डावर जो क्रमांक आहे तोच तुमचा आधार.

तुमच्या व्यवसायानं हा प्रश्न इतरांच्या फार आधी सोडवला आहे, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांनी १९६० च्या दशकात मार्क ही पद्धत उभी केली. तिच्यात शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात, लेखक १०० मध्ये, आयएसबीएन ०२० मध्ये. रकान्याचा अर्थ क्रमांकाला कायमचा बांधून टाकला, त्यामुळं तो कोणाला विचारावा लागत नाही. अशा नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचं आयएसओ २७०९ हे प्रमाणक १९७३ चं आहे. युनेस्कोचा सीडीएस-आयसिस हा प्रोग्रॅम भारतातल्या अनेक ग्रंथालयांनी वापरला, तोही याच प्रमाणकात नोंदी देई-घेई. नवी प्रणाली निवडताना एकच प्रश्न विचारा : पुढं कधी सोडून जायचं झालं, तर सगळ्या नोंदी या प्रमाणकात किंवा निदान यूटीएफ-८ सीएसव्हीत मला स्वतःला बाहेर काढता येतील का? उत्तर टाळलं, तर ती प्रणाली घेऊ नका, मग ती फुकट का मिळेना.

प्रश्न : कॉलेजात आम्हाला ॲक्सेस आणि मायएसक्यूएल शिकवतात. फाइल काढायची आणि पुन्हा घालायची हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? दोन डेटाबेस थेट का जोडत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : जोडतात. १९९२ पासून त्यासाठी ओडीबीसी आहे. प्रत्येक डेटाबेससाठी एक ड्रायव्हर असतो, तो त्या डेटाबेसची भाषा सर्वांना समजेल अशी करून देतो. टॅलीसुद्धा आपली खाती ओडीबीसीतून एक्सेलला वाचू देतं. ॲक्सेसमध्ये दुसऱ्या डेटाबेसचा तक्ता जोडून घेतला तर तो स्वतःचाच असल्यासारखा वापरता येतो.

पहिल्यांदा करताना तू बहुधा एका जागी अडकशील, म्हणून आधीच सांगतो. ड्रायव्हर ३२ बिटी आणि एक्सेल किंवा ॲक्सेस ६४ बिटी असेल, तर ड्रायव्हर बसवलेला असूनही यादीत दिसत नाही. फॉक्सप्रोचा मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटीच आहे. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या दोन वेगळ्या यादी-खिडक्या असतात, दोन्ही उघडून पाहायच्या.

थेट जोडणी केव्हा करायची? देवाणघेवाण रोजची असेल आणि दोन्ही बाजूंचे प्रोग्रॅम जिवंत असतील तेव्हा. एकदाच स्थलांतर करायचं असेल तर मधली फाइल बरी. ती उघडून पाहता येते, मोजता येते, चुकलं तर पुसून पुन्हा सुरू करता येतं. थेट जोडणीत अर्ध्यावर वीज गेली, तर कुठंवर नोंदी गेल्या हे शोधत बसावं लागतं, ज्या प्रणालीत व्यवहार पूर्ण किंवा रद्द असा एकगठ्ठा बांधता येतो ती सोडून.

मधली फाइल म्हणून सीएसव्हीशिवाय एसक्यूलाइट शिकून घे. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते लिहिलं आणि सार्वजनिक मालकीत सोडून दिलं. सगळे तक्ते एकाच फायलीत राहतात आणि तारीख, शून्यं, मराठी यांना धक्का लागत नाही. माहितीसंच जपण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस जे फाइलप्रकार सुचवते त्यांत ते आहे. फक्त एक सवय पहिल्या दिवसापासून लाव. दुसऱ्याच्या चालू डेटाबेसला जोडताना स्वतःला नुसतं वाचण्याचाच हक्क मागून घे. लिहिण्याचा हक्क हातात असला, की चाचणीसाठी चालवलेली एक ओळ कोणाच्या तरी खऱ्या खात्यात जाऊन बसते.